विमान बनवायचंय? आधी इंधन मोजायला शिका

९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, कोर्टकचेऱ्या, जून २०२३ मध्ये झालेलं पाडकाम आणि त्यानंतरची विमानतळाची कामं, या सगळ्यात शहराची बरीच वर्षं गेली होती. पुढे मुंबईची सेवाही सुरू झाली. आता चौकाचौकात चर्चा आहे ती पुढचं विमान कुठलं याची. ही चर्चा व्हायलाच हवी. पण विमानात बसण्याची सोय झाली म्हणजे विमानाच्या धंद्यात सोलापूरचा हात लागला असं होत नाही. आपल्या गावात विमानातली निदान एखादी वस्तू तयार व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती वस्तू कुठली याबद्दल माझं मत पक्कं आहे. घरी बांधल्या जाणाऱ्या छोट्या विमानांच्या इंजिनात दर तासाला किती इंधन जातंय हे मोजणारं उपकरण, म्हणजे फ्युएल फ्लो मॉनिटर, सोलापुरात बनू शकतो आणि बनला पाहिजे.

हे मी कुठल्या अधिकारानं बोलतो ते सांगतो. माझं आयुष्य डिझेल पंप आणि नोझलच्या कामात गेलं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ दुकान आहे. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर येतात, बाकी वर्षभर हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक असतात. आमच्या दुकानाचा जीव म्हणजे टेस्ट बेंच. त्यावर पंप चढवायचा, मोटर त्याला ठरलेल्या वेगानं फिरवते, आणि प्रत्येक नोझलमधून उडालेलं तेल खाली काचेच्या नळीत जमा होतं. ठरलेले फवारे पूर्ण झाले की वाकून नळ्यांवरच्या रेघा बघायच्या. चारही नळ्यांत पातळी सारखी हवी. एका नळीत कमी भरलं तर तो सिलिंडर उपाशी, इंजिन थरथरणार. एका नळीत जास्त भरलं तर काळा धूर. कानानं इंजिन ओळखणारे उस्ताद मी पाहिले आहेत, त्यांचा मान मोठा आहे. पण शेवटचा शब्द काचेच्या नळीचा असतो.

अलीकडे इंजिनिअरिंगची आणि पॉलिटेक्निकची मुलं दुकानात येतात. ड्रोन बनवून झालेला असतो. आता पुढचं काहीतरी हवं असतं. "काका, पेट्रोल इंजिनचं विमान बनवायचंय," असं एखादा सांगतो आणि मोबाइलवर पंखांची चित्रं दाखवतो. पंखाचा आकार, वजन, पंखा कुठला, सगळं त्यानं वाचलेलं असतं. मी विचारतो, "इंधन कसं मोजणार?" तो म्हणतो, "टाकीला काटा असतो ना." त्या काट्यावर जीव सोपवू नये, एवढंच मला त्याला पहिल्या दिवशी सांगायचं असतं.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचं स्वप्न कुणी पाहिलंच नाही असं नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव हे पेशानं वैमानिक. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, राज्य सरकारनं त्यांच्या कंपनीशी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्या माणसाच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण त्या सगळ्या बातम्यांत आकडे होते, नेते होते, गच्ची होती. इंजिनाला पेट्रोल कसं पोचतं आणि ते कसं मोजतात, यावर एकही ओळ माझ्या वाचनात आली नाही. आपल्याकडे विमान म्हटलं की पंख दिसतात, नळ्या दिसत नाहीत. उद्योग मात्र नळ्या, जोड, सेन्सर आणि मोजमाप यांच्यावर उभा राहतो.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. आज तिकडे निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं असेल तर विमानाला 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदणी मिळते. व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या सुट्या भागांतून लोकांनी घरी बांधलेली विमानं १० हजारांवर उडाली आहेत. इतकी विमानं उडाली म्हणूनच तिथे काय बिघडतं याचा हिशेबही नीट ठेवला गेला. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळानं, एनटीएसबीनं, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षेवर अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडणं हे त्यात अपघातांचं एक मोठं कारण निघालं, आणि पहिल्या उड्डाणाआधी इंधन यंत्रणेची चाचणी घेऊन तिची नोंद ठेवा असं त्यांनी सुचवलं. पुढे याच मंडळानं सांगितलं की इंधनाच्या चुकीच्या नियोजनामुळे अमेरिकेत छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात होतात. यातली बरीच विमानं चांगली होती, वैमानिक अनुभवी होते. टाकी रिकामी झाली, किंवा टाकीत इंधन असून ते इंजिनपर्यंत पोचलं नाही.

मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेतच कोरडं पडलं. टाकीचे काटे चालत नव्हते, म्हणून इंधन हिशेबानं भरलं होतं, आणि त्या हिशेबात किलोच्या जागी पौंड धरले गेले. २२,३०० किलो हवं होतं तिथे २२,३०० पौंड गेलं, म्हणजे निम्म्याहून कमी. वैमानिकांनी विमान तरंगवत गिम्ली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि ६९ जण वाचले. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटच्या एअरबसची इंधनाची नळी अटलांटिकवर फाटली. एका बाजूचं इंधन कमी होतंय हे वैमानिकांना दिसलं, पण तो टाक्यांमधला असमतोल समजून त्यांनी दुसऱ्या बाजूचं इंधन तिकडे वळवलं, आणि तेही गळक्या नळीतून बाहेर गेलं. दोन्ही इंजिनं थांबल्यावर विमान सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवर पोचलं. ३०६ जणांचे प्राण वाचले.

या दोन घटना मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांतून उपकरण कसं हवं ते कळतं. पहिलीतून कळतं की मीटरला सुरुवातीचा आकडा चुकीचा दिला तर 'बाकी किती' हे उत्तर शेवटपर्यंत चुकीचंच येणार. आपल्या पंपावर लिटर, अमेरिकी पुस्तकात ३.७८५ लिटरचा गॅलन, इंग्लंडच्या जुन्या पुस्तकात ४.५४६ लिटरचा. आपल्या उपकरणात एकच माप असावं, लिटर. दुसरीतून कळतं की टाकीतून किती गेलं आणि इंजिननं किती जाळलं हे दोन स्वतंत्र आकडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. त्यांत फरक पडला की गळती आहे. नुसता टाकीचा काटा हे सांगू शकत नाही.

आता इंजेक्शनच्या इंजिनाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला एकच नळी जाते, तीत एक मीटर बसवला की काम झालं. विमानांत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या लायकमिंग आयओ-३६० सारख्या इंजिनात इंधन एका वाटणी करणाऱ्या झडपेतून चार नोझलकडे सतत वाहतं. अशा बऱ्याच जुन्या विमानांत 'फ्युएल फ्लो' असं लिहिलेला काटा असतो, पण तो मोजतो नोझलच्या मागचा दाब. दाबावरून प्रवाहाचा अंदाज बांधलेला असतो. आता एक नोझल कचऱ्यानं तुंबलं असं समजा. इंधन कमी जाणार. पण मागचा दाब वाढणार आणि काटा सांगणार की इंधन जास्त जातंय. एक सिलिंडर उपाशी असताना वैमानिकाला वाटणार की भरपूर चाललंय, आणि तो मिश्रण आणखी पातळ करणार. नोझलचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ऐकून धस्स होईल. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाह मोजायचा तर वाहणारं इंधनच मोजलं पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन, म्हणजे रोटॅक्स ९१२ आयएस किंवा मोटारीचं बदल करून बसवलेलं इंजिन, याची गोष्ट आणखी निराळी. इथे पंप गरजेपेक्षा खूप जास्त पेट्रोल फिरवत ठेवतो. इंजिनला लागेल तेवढं इंजेक्टर घेतात, उरलेलं परतीच्या नळीनं टाकीत जातं. म्हणून जाणाऱ्या नळीत एक आणि परतीच्या नळीत एक, असे दोन मीटर लावून वजाबाकी करावी असं कुणालाही सुचतं. ट्रकच्या आणि जनरेटरच्या डिझेलचा हिशेब ठेवायला आमच्याकडेही हीच पद्धत चालते. पण वजाबाकीत चूक फुगते. समजा पंप तासाला १०० लिटर फिरवतो, ८० परत येतात, इंजिन २० जाळतं. दोन्ही मीटर १ टक्क्यानं चुकले, एक वर आणि एक खाली, तर जाणारा दाखवणार १०१ आणि परतीचा ७९.२. वजाबाकी २१.८. १ टक्क्याची चूक ९ टक्क्यांची झाली. चार तासांच्या टाकीत ९ टक्के म्हणजे २० मिनिटांहून जास्त. दिवसाच्या उड्डाणाला अमेरिकेचा नियम किमान ३० मिनिटांचं राखीव इंधन मागतो. हीच चूक उलट्या बाजूला पडली, तर त्यातला बहुतेक भाग या एका चुकीत गेला.

दुसरी वाट आहे आणि मला ती फार आवडते, कारण ती आमच्या बेंचच्या जवळची आहे. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप. तिच्या मागचा दाब कायम ठेवला, तर ती जितका वेळ उघडी राहील त्या प्रमाणात पेट्रोल सोडते. म्हणजे नळीत काहीही न घालता, नुसता उघडण्याचा वेळ मोजून प्रवाह काढता येतो. हिशेब मांडून बघा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेतंय. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणजे मिनिटाला १,३५० आणि चौघांचे मिळून ५,४०० फवारे. इंजिन तासाला ३६ लिटर जाळत असेल तर मिनिटाला ६०० मिलिलिटर. एका फवाऱ्यात आलं सुमारे ०.११ मिलिलिटर. इंजेक्टर सलग उघडा राहिला तर मिनिटाला ३०० मिलिलिटर सोडणारा असेल, तर एवढं पेट्रोल सोडायला त्याला साधारण २२ मिलिसेकंद लागतात.

इथपर्यंत कागदावर सोपं आहे. कारागिरी यापुढे सुरू होते. वीज दिल्याबरोबर इंजेक्टर उघडत नाही. त्याला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की तो वेळ वाढतो. उघडायला अर्धा मिलिसेकंद जास्त लागला तर २२ मध्ये ती दोन-सव्वादोन टक्क्यांची चूक. पण इंजिन मंद चालताना फवारा ३ मिलिसेकंदांचाच असेल, तर तीच चूक १६-१७ टक्क्यांवर जाते. म्हणून प्रत्येक इंजेक्टर १४ व्होल्टला, १२ व्होल्टला, ११ व्होल्टला बेंचवर चालवून, मोजनळीत पाहून, त्याचा तक्ता बनवावा लागतो. हा तक्ता कुठल्याही पुस्तकात मिळत नाही, कारण तो त्या एका इंजेक्टरचा असतो. हे काम करायला लागणारी बेंच, मोजनळी, चिकाटी आणि नजर सोलापुरात आजही आहे.

नळीत बसणारा मीटरसुद्धा काही गूढ नाही. घरगुती विमानांत सर्रास वापरला जाणारा लाल रंगाचा एक अमेरिकी सेन्सर आहे. आत एक छोटं चक्र फिरतं, प्रकाशाचा किरण ते कापतं, आणि प्रत्येक वेळी एक ठोका जातो. गॅलनला सुमारे ६८ हजार ठोके, म्हणजे लिटरला साधारण १८ हजार. तासाला ३६ लिटर म्हणजे सेकंदाला १० मिलिलिटर, म्हणजे सेकंदाला १८० ठोके. एवढे ठोके मोजायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा अर्डुइनो पुरतो. मोजणं अवघड नाही. अवघड आहे ते दर वेळी खरं मोजणं. स्पार्क प्लगच्या तारेचा त्रास सेन्सरच्या तारेत शिरतो आणि नसलेले ठोके मोजले जातात. कोपऱ्याचा जोड मीटरला चिकटून लावला तर प्रवाह भोवऱ्यासारखा येतो आणि आकडा बदलतो. पेट्रोलची वाफ झाली तर बुडबुडे चक्राला जोरात फिरवतात आणि मीटर जास्त दाखवतो. आणि चक्र अडकलं तरी पेट्रोल अडता कामा नये, हे तर सगळ्यांत आधी सिद्ध करावं लागतं.

एक इशारा इथेच देतो. पाण्याच्या प्रवाहासाठी बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा प्लास्टिकचा सेन्सर पेट्रोलच्या नळीला लावू नका. त्याचं प्लास्टिक, त्याचं रबर, त्याच्या तारा, काहीच पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. वर्गात पाणी मोजायला तो उत्तम आहे. गरम इंजिनाजवळ तो आग आहे.

सोलापूरचं ऊनही या हिशेबात धरावं लागतं. पेट्रोल १० अंशांनी तापलं की त्याचं आकारमान साधारण १ टक्क्यानं वाढतं. हिवाळ्यातल्या पहाटेचे १५ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४३ अंश, यांत जवळपास ३ टक्क्यांचा फरक पडला. इंजिनला ताकद मिळते ती वजनातून, लिटरमधून नाही. म्हणून चांगल्या मॉनिटरला इंधनाचं तापमानही कळलं पाहिजे. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. ज्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत तिथे इथेनॉलचं महत्त्व मी कुणाला सांगायला नको. उसाच्या पैशातून माझंही दुकान चालतं. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. २० टक्के मिसळलं तर लिटरमागे ६ ते ७ टक्के घट. रोटॅक्स कंपनी ९१२ मालिकेच्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं सांगते. म्हणजे परदेशी पुस्तकातला 'तासाला इतके लिटर' हा आकडा आपल्या पंपावरच्या पेट्रोलला लागू पडत नाही. विमानाचं खास पेट्रोल, अ‍ॅवगॅस १०० एलएल, इंडियन ऑइलनं सप्टेंबर २०२२ मध्ये देशात बनवायला सुरुवात केली, त्याआधी ते सगळं बाहेरून यायचं. आपल्या इंधनावर, आपल्या उन्हात, आपल्याच मोजमापाचे तक्ते हवेत. ते कोण बनवणार? जिथे ऊन आहे, इथेनॉल आहे आणि नोझलची बेंच आहे, त्या गावानं बनवावेत.

सोलापूरला हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांना मी दोन गोष्टींची आठवण देतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये याच सोलापुरात झाला. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तीच आजच्या एचएएलचं मूळ. देशाच्या विमान उद्योगाचा पाया घालणारा माणूस आपल्या गावचा, आणि आपल्या गावात विमानाचा एक स्क्रूसुद्धा बनत नसेल तर ते आपल्याला शोभत नाही. दुसरी गोष्ट आजची. १९९२ पासून इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. जगातल्या नामवंत मोटारींच्या इंजिनांत सोलापूरचे कॅमशाफ्ट फिरतात. कॅमशाफ्टचं काम मायक्रॉनमध्ये चालतं. ज्या गावातल्या कामगाराच्या हाताला मायक्रॉनची सवय आहे, त्या गावाला मिलिलिटर जड नाही.

"पण बाजार कुठाय? आपल्या देशात घरी विमान बांधणारे असे किती?" हा प्रश्न व्यापारी मित्र विचारतात आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की विमानासाठी बनवलेलं मोजमाप इतर सगळीकडे चालतं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या मोटारसायकलीही इंजेक्शनवर गेल्या. आज गावोगावच्या मेकॅनिकला इंजेक्टर तपासायचं उपकरण हवंय. जनरेटर, पोकलेन, मोटारबोटी, पेट्रोल इंजिनचे मोठे ड्रोन, सगळीकडे परतीच्या नळीचा हाच प्रश्न आहे. विमानाची कसोटी सगळ्यांत कडक, म्हणून तिथून सुरुवात केली की बाकीचं आपोआप जमतं. उलट दिशेनं ते जमत नाही.

"तयार मिळतं, विकत आणा," असंही काहीजण सांगतात. ज्याला उद्या उडायचंय त्यानं पारखलेलंच उपकरण विकत आणावं, हे मीही सांगेन. मुलांनी बनवलेला मॉनिटर पहिल्या दिवशी माणूस बसलेल्या विमानात जाता कामा नये. आधी तो बेंचवर चालेल, मग जनरेटरवर, मग जमिनीवर बांधलेल्या इंजिनावर. त्यानंतर विमानात गेला तरी खात्रीच्या मीटरच्या जोडीला, दुय्यम म्हणून. दर वेळी टाकी भरताना पंपाच्या बिलावरचे लिटर आणि मॉनिटरचे लिटर वहीत शेजारी शेजारी लिहायचे. फरक सातत्यानं एकाच बाजूला पडला तर गुणक बदलायचा. कधी वर कधी खाली पडला तर जोडणीत दोष आहे असं समजून शोध घ्यायचा. आणि कितीही चांगला मॉनिटर असला तरी उडण्यापूर्वी टाकीत पट्टी बुडवून बघणं आणि मनगटावरचं घड्याळ, हे दोन साक्षीदार कायम सोबत ठेवायचे.

पण स्वतः बनवण्याला पर्याय नाही, कारण बनवल्याशिवाय ते उपकरण खोटं कधी बोलतं हे कळत नाही. ज्या मुलानं इंजेक्टरचा तक्ता स्वतः काढलाय, त्याला बॅटरी उतरल्यावर आकडा का बदलतो हे सांगावं लागत नाही. असा मुलगा पुढे विमान कंपनीत गेला, वाहन कंपनीत गेला किंवा माझ्यासारखं दुकान काढून बसला, तरी तो कच्च्या आकड्यावर सही करणार नाही.

यासाठी तीन मागण्या आहेत. पहिली शहरातल्या शिक्षणसंस्थांकडे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, शासकीय तंत्रनिकेतन, ऑर्किड कॉलेज आणि अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांनी मिळून इंधन प्रवाह मोजण्याची एक सामाईक बेंच उभारावी. वजनकाटा, तापमापक, मोजनळ्या, व्होल्टेज बदलता येणारा पुरवठा आणि आग विझवण्याची चोख व्यवस्था एवढ्यावर सुरुवात होते. केरळमध्ये पालक्काडला प्रवाहमापनाची राष्ट्रीय दर्जाची संस्था आहे, फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट. पुण्यात वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. आपल्या बेंचचे आकडे त्यांच्याकडून तपासून घ्यावेत. बेंचवर शिकवायला आमच्यासारखे पंप-नोझलवाले येतील. वर्षानुवर्षं हातात बसलेलं हे काम आमच्याबरोबर संपून जावं असं आम्हाला वाटत नाही.

दुसरी मागणी डीजीसीएकडे. सुरक्षेत एक तसूभरही ढिलाई नको. पण घरी विमान बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळावं की कुठले टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर काय तपासणार, आणि उत्तर किती दिवसांत मिळणार. अमोल यादव यांना प्रदर्शनापासून उड्डाणाच्या परवानगीपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांच्यामागे मुख्यमंत्र्यांपर्यंतची ओळख आणि वर्तमानपत्रांची दखल होती. पंढरपूरच्या किंवा बार्शीच्या मुलामागे कोण असेल? या टप्प्यांत इंधन यंत्रणेची चाचणी सक्तीची करा. पंपावर चालणाऱ्या यंत्रणेनं उड्डाणावेळच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के आणि नुसत्या उतारानं वाहणाऱ्या यंत्रणेनं १५० टक्के इंधन दिलं पाहिजे, हा जुना आणि पक्का दंडक आहे. विमानाचं नाक वर करून, इंजिनची नळी सोडवून, भांडं आणि घड्याळ घेऊन तो तपासता येतो. ही चाचणी आणि प्रवाहाची नोंद दाखवा, मगच पुढचा टप्पा, असा नियम झाला तर आमच्या मुलांचा त्याला पाठिंबाच असेल.

तिसरी मागणी पालकांकडे आणि मुलांकडे. पंख नंतर बांधा. आधी इंजेक्टर बेंचवर लावा, मोजनळीत बघा, वहीत लिहा. आकडा दहा वेळा सारखा आला की अकराव्यांदा व्होल्टेज बदलून बघा. ज्याला हे करायचंय त्याच्यासाठी अक्कलकोट रोडवरची माझी बेंच दर रविवारी सकाळी मोकळी असते. येताना वही आणि पेन आणा, आणि पायात चपलेऐवजी बूट घाला.